वरचे मास्तर, खालच्या मॅडम

ती जिना चढून वर गेली ती कडाकडा भांडायला, आणि तिथं जाऊन झोपली. प्रेमकथेची अशी सुरुवात कुणी सांगितली तर आपण म्हणू, काहीतरीच! पण झालं ते असंच झालं, त्याला कोण काय करणार?

ती दुसऱ्या मजल्यावरच्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये नोकरीला होती. सकाळी आठपासून आखडलेले खांदे, धरलेल्या कमरा, प्लास्टर काढल्यावर वाकायला तयार नसलेले कोपर असं एकामागून एक तिच्या हातात येत राहायचं. "खांदा सोडा... सोडा म्हणजे सोडा हो, मी धरलाय ना!" हे वाक्य ती दिवसातून पन्नासदा तरी बोलायची. घरी बाबा होते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं, त्यामुळे घरी गेल्यावरही पहिलं काम तेच, त्यांचा हात मांडीवर घेऊन मिटलेली बोटं एकेक करून उघडायची. आई नव्हती. मोठा भाऊ दूर राहायचा आणि फोनवरून काळजी करायचा. कुणी तिची कीव करायला गेलं की मात्र तिच्या कपाळाला आठी पडायची. दमलेली माणसं जगात असतातच, तशी मीही दमलेली आहे, त्यात एवढं काय, असं तिचं म्हणणं.

वरच्या, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर महिन्याभरापूर्वी एक जुना गिटारचा वर्ग दुसरीकडून हलून आला होता. वाजवण्याचा त्रास नव्हता, ते वाजवणं हळूच असायचं. त्रास होता तो दर अर्ध्या तासानं फरशीवरून कर्रर्र करत फरफटत जाणाऱ्या कुठल्याशा लोखंडी वस्तूचा. त्या दिवशी एका आजोबांचा खांदा तिनं मोठ्या मिनतवारीनं ढिला केला होता, तेवढ्यात वर कर्रर्र झालं आणि आजोबांचा खांदा पुन्हा थेट कानाला जाऊन चिकटला. दुपारची सुट्टी झाल्याबरोबर डबासुद्धा न उघडता ती वर गेली.

दार उघडंच होतं. खिडकीशी एक माणूस बसला होता. डावा पाय एका बुटक्या लोखंडी स्टुलावर, डाव्या मांडीवर गिटार, मान किंचित झुकलेली. त्यानं मान न हलवता नुसत्या डोळ्यांनी तिला समोरची खुर्ची दाखवली... एक मिनिट, एवढं संपवतो.

एक मिनिटानं भांडू, असं मनाशी म्हणून ती बसली. हातांची, मऊ पाठीची जुनी खुर्ची होती. सकाळपासून ती पहिल्यांदाच बसत होती. तो काय वाजवत होता ते तिला कळलं नाही. खाली एक जाड आवाज सावकाश चालला होता आणि वर तीन बारीक आवाज त्याच्यामागून येत होते, पुन्हा पुन्हा, घाई नसलेले. तिला भांडणाचं पहिलं वाक्यही आठवत होतं. दुसरं जुळवता जुळवता डोळा लागला.

जाग आली तेव्हा मास्तर खिडकीच्या कट्ट्यावर बसून पुस्तक वाचत होते आणि गिटारचा आवाज जिन्यातून येत होता.

"किती वाजले?" ती धडपडून उठली.

"सव्वादोन."

"सव्वादोन! अहो, मग उठवायचं नाही का?"

"उठवणार होतो. पण हाक काय मारायची? 'अहो अनोळखी बाई' असं म्हणावं लागलं असतं."

"आणि जिन्यात कोण वाजवतंय?"

"माझा दोनचा वर्ग. दोघी कॉलेजच्या मुली आहेत. आज बाहेर बसा म्हटलं... इथं एक पाहुण्या जरा दमून आल्यात."

तिचे कान लाल झाले. साडी, ओढणी, केस यांपैकी सावरण्याजोगं काही नव्हतं, अंगात कामाचा निळा कोट होता. तिनं त्याचीच बटणं चाचपली. "मी दुसऱ्या मजल्यावरून आले होते. तक्रार करायला."

"मग करा की."

"आता काय करू? घोरत होते का?"

"थोडंसं," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "पण तालात."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वर गेली, ती चार रबरी टोपणं घेऊन. चालायच्या काठ्यांच्या टोकाला बसवतात ना, तीच. फरशीवर गुडघे टेकून तिनं लोखंडी स्टुलाच्या चारही पायांना ती दाबून दाबून बसवली, आणि स्टूल या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ढकलून दाखवलं. आवाज नावालाही नाही.

"वा!" मास्तर म्हणाले. "म्हणजे माझं स्टूल आता तुमचं पेशंट."

"बरं होऊन घरी गेलेलं पेशंट."

"याच्या बदल्यात मी काय देऊ?"

तिनं खुर्चीकडे पाहिलं. लाजत-बिजत नव्हती ती, इतकी ती दमलेली होती. "कालचा अर्धा तास," ती म्हणाली. "जमलं तर रोज."

"झोपायला?"

"लागली झोप तर लागली."

मास्तरांनी कोपऱ्यातली एक लहानशी गिटार आणून तिच्या हातात दिली. "तोवर ही मांडीवर धरा. झोप लागली तर मी हळूच काढून घेईन."

अशी तिची शिकवणी सुरू झाली. दुपारी दीड ते दोन. डबा ती खालीच उभ्याउभ्या संपवायची. पहिले तीन दिवस तर मास्तरांनी तिला नुसतं बसायला शिकवलं. तिला गंमत वाटली. दिवसभर जगाला नीट बसायला शिकवणारी ती, आणि तिचीच पाठ कुबड काढून बसायची! मग उजवा हात. तार छेडायला पट्टी नाही, टिकली नाही, बोटांनीच वाजवायचं.

"अंगठा हा जाड तारांचा मालक," मास्तर सांगायचे. "तिसरी तार तर्जनीची, दुसरी मधल्या बोटाची, पहिली अनामिकेची. जिनं तिनं आपलं घर सोडायचं नाही. शेजारी डोकवायचं नाही."

"अनामिका आळशी आहे माझी."

"सगळ्यांचीच असते. तिला रागवू नका, थांबा तिच्यासाठी."

आणि एकदा, ती जीव तोडून चार तारा ओळीनं छेडत असताना, ते शेजारून शांतपणे म्हणाले, "खांदा सोडा."

तिचा हात थबकला.

"हे वाक्य माझं आहे," ती म्हणाली.

"असेल. पण खांदा तुमचा आहे की नाही? कानापर्यंत आलाय बघा. सोडा."

ती हसायला गेली, पण हसू अर्ध्यातच राहिलं. इतक्या वर्षांत तिला हे कुणी म्हटलं नव्हतं. तिनं खांदा सोडला... आधी वाटलं तेवढा सुटला नाही, मग आणखी थोडा सुटला. मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. तिच्याकडे मुद्दाम बघायचं नाही, हे त्यांना कळत होतं. तिला त्या क्षणी ते फार आवडले.

घरी बाबांच्या आखडलेल्या मनगटावर तिची बोटं आपोआप चालायला लागली. अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका. पुन्हा अंगठा.

"हे काय चाललंय माझ्या हातावर?" बाबांचं बोलणं अजून थोडं जड होतं, खवचटपणा मात्र पूर्ण बरा झाला होता.

"गिटार, बाबा."

"म्हणजे आता व्यायामाबरोबर संगीत फुकट! कोण शिकवतं?"

"वरचे मास्तर."

"वय?"

"बाबा, आधी बोटं उघडा बघू."

"वय सांग, मग बोटं उघडतो," बाबा म्हणाले आणि खरोखरच मूठ घट्ट धरून बसले. तिला सांगावंच लागलं.

पण मास्तरांची एक अट होती, आणि ती पहिल्याच आठवड्यात सांगून झाली होती. उजव्या हाताची नखं वाढवायची. फार नाही, बोटाच्या टोकाबाहेर जेमतेम दिसतील एवढीच. तार आधी बोटाच्या मांसावर यायला हवी आणि तिथून घसरून नखावरून सुटायला हवी, तेव्हा आवाज उजळतो. स्वतःच्या नखांना ते नव्या नवरीसारखं जपायचे. खिशात बारीक कानस. दार उघडणार डाव्या हातानं, पिशवी उचलणार डाव्या हातानं. पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट बसलं की बाटली मुकाट्यानं तिच्यासमोर यायची.

"लग्नात वरमाला तरी उजव्या हातानं घालाल ना?" तिनं एकदा चिडवलं.

"तोवर कानशीनं नीट गोल करून ठेवीन," ते म्हणाले, आणि मग दोघंही उगीचच आपापल्या गिटारीच्या तारा जुळवत बसले. तारा तर जुळलेल्याच होत्या.

तिनं मात्र अट ऐकून म्हटलं होतं, "मला कामात नखं चालत नाहीत."

"नखं नाहीत तर आवाज नाही, मॅडम. माझ्या वर्गाचा एवढा एकच नियम."

तेव्हाच तिनं हुज्जत घालायला हवी होती. नाही घातली. तो अर्धा तास तिला हातचा जाऊ द्यायचा नव्हता. दिवसाच्या बाकी सगळ्या तासांवर दुसऱ्या कुणाचं ना कुणाचं नाव होतं. मग तिनं एक चोरटा मार्ग काढला. चारही बोटांची नको, निदान उजव्या अंगठ्याचं तरी वाढवू. पेशंटला अंगठ्यानं दाबायचंच नाही, तळहातानं दाबायचं, कोपरानं दाबायचं. लक्षात ठेवलं की झालं!

लक्षात ठेवणं सकाळी सोपं असतं.

तीन आठवड्यांनी, संध्याकाळी, दिवसाच्या शेवटच्या पेशंट होत्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू होत्या, आणि कातडी कागदासारखी झालेली. खांद्याच्या पात्याखाली एक गाठ लागली आणि तिच्या दमलेल्या हातानं वर्षानुवर्षांच्या सवयीनं जे करायचं ते केलं... अंगठा रोवला. बाई बारीकशा विव्हळल्या. पात्याखाली बोटभर लांब लाल रेघ उमटली आणि बघता बघता भरून वाहू लागली.

रक्त थांबायला बराच वेळ लागला. बाई म्हणाल्या, "होतं गं, किती दमतेस तू." सेंटरच्या मोठ्या सरांनी फक्त तिच्या अंगठ्याकडे पाहिलं. तिला दोन्हींचं सारखंच लागलं. बँडेज कापायच्या कात्रीनं तिनं तिथल्या तिथं ते नख मुळापर्यंत कापून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता मास्तर जिन्यातच भेटले. हातात कार्यक्रमाची पत्रकं होती. तीन आठवड्यांनी वर्गाचा वार्षिक कार्यक्रम होता, शेवटी ते स्वतः वाजवणार होते.

"मास्तर, मी उद्यापासून येणार नाही," ती म्हणाली. एका दमात सांगितलं नाही तर सांगणं होणार नाही, हे तिला ठाऊक होतं. "एका पेशंटला माझं नख लागलं. फार रक्त गेलं. मला नखं ठेवता येणार नाहीत. माझे हात आधी त्यांचे आहेत."

मास्तरांनी तिच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे. तिला वाटलं, आता काहीतरी म्हणतील.

"बरं," ते म्हणाले.

बरं! एवढंच? ती खाली आली. डबा उघडला आणि तसाच बंद केला. खरं सांगायचं तर तिला रडायचं होतं, पण त्यालाही अंगात थोडं त्राण लागतं. दोनची पेशंट लवकर आली होती. तिनं तिला आत घेतलं.

त्या दिवसापासून वरून आवाज यायचा थांबला. शिष्यांचं वाजवणं यायचं, तुटक तुटक. पण दुपारी दीड वाजायच्या आधी मास्तर एकटे वाजवायचे, ते बंद. एक दिवस गेला, दोन गेले, दहा गेले. आधी तिला वाटलं, बरंच झालं, ऐकायला नको. मग वाटलं, रुसलेत. मग वाटलं, आजारी तर नसतील? रात्री बाबांची बोटं उघडताना तिची बोटं आता मुकाट असायची. बाबांनी एकदा विचारलं, "मास्तर सुट्टीवर?" तिनं मान खाली घालून पुढचं बोट धरलं. त्यांनी मूठ आपणहून उघडली. ते तिला जास्तच बोचलं.

अकराव्या दिवशी मुख्याध्यापिका बाई आल्या. जखमेची खपली पडून गेली होती. पालथ्या पडल्या पडल्या त्या म्हणाल्या, "काय गं, वरचं ते वाजवणं बंद झालं का? कधी दुपारची वेळ असली की ऐकत बसायचे. बरं वाटायचं."

"मला माहीत नाही, बाई."

"मग जाऊन विचार की! दोन पावलांवर तर आहे."

दीड वाजता ती जिना चढली. भांडायला. या वेळी दोन्ही वाक्यं तयार होती. दार लोटलेलं होतं, तिनं ते धाडकन उघडलं. मास्तर खिडकीशी बसले होते, पाय स्टुलावर, मांडीवर गिटार.

"तक्रार आहे," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "आवाज येत नाही."

त्यांनी मान वर केली. चेहरा ओढलेला होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं. "येत नाही?" ते म्हणाले. "मी तर रोज वाजवतोय. दुप्पट वाजवतोय. फरशीखाली पोचत नसेल... आवाजच तेवढा निघत नाही अजून."

आणि त्यांनी वाजवून दाखवलं. तेच होतं, पहिल्या दिवशीचं, ज्यावर तिला झोप लागली होती. पण आवाज वेगळाच. उजेड नाही त्यात, मऊ, ओलसर, जरा दबलेला. अनामिका दोनदा घसरली. ती जवळ गेली, आणि मग तिला दिसलं.

उजव्या हाताची नखं नव्हती. पाचही बोटं तिच्या बोटांसारखीच बोडकी.

"हे काय केलंत?" तिचा आवाज चढला. "पंधरवड्याच्या आत कार्यक्रम आहे तुमचा! कधी वाढणार ती आता?"

"तीन-चार महिन्यांनी."

"वेड लागलंय तुम्हाला!"

"तुम्ही गेलात त्या दिवशी वर येऊन बसलो," मास्तर म्हणाले. ते सावकाश बोलत होते, शब्द एकेक करून ठेवत होते. "नखं नाहीत तर आवाज नाही, असं किती वर्षं सांगत आलोय मी. आणि नखांशिवाय कधी वाजवूनच पाहिलं नव्हतं. जुने लोक वाजवायचे तसं, पुस्तकात वाचलंय. म्हटलं, तुम्हाला शिकवायचं तर आधी आपल्याला यायला हवं. अर्धी नखं ठेवून ते शिकता येत नाही. हात सारखा जुन्या सवयीकडे पळतो."

"मला विचारायचं तरी होतं."

"विचारलं असतं तर तुम्ही कापू दिली असती?"

तिनं त्यांच्या बोडक्या बोटांकडे पाहिलं.

"आता थोडं कळायला लागलंय. बोट जरा आडवं ठेवायचं, तार उशिरा सोडायची. कार्यक्रमात हेच वाजवीन. हळू ऐकू येईल. तुम्ही पहिल्या रांगेत बसा म्हणजे झालं." ते थांबले. "त्या दिवशी 'बरं' म्हणालो ना मी जिन्यात... तेव्हा खरं म्हणायचं होतं की जाऊ नका. तुम्ही त्या खुर्चीत झोपलात तेव्हापासून मला ही खोली तुमच्याशिवाय रिकामी वाटते. पण इतक्या दमलेल्या माणसाला आणखी एक 'थांबा' कसं सांगायचं, ते सुचलं नाही. म्हणून नखं कापली."

तिचे पाय दुखत होते. सकाळपासून नऊ पेशंट झाले होते, संध्याकाळपर्यंत आणखी तेवढेच होते, आणि घरी बाबा. त्यातलं काहीच आज बदलणार नव्हतं. तरी आत कुठंतरी फार दिवसांचं धरून ठेवलेलं काहीतरी सुटलं, आणि या वेळी ते कुणाला सांगावं लागलं नाही. ती खुर्चीत बसली.

"हात बघू," ती म्हणाली.

त्यांनी उजवा हात पुढं केला. तिनं तो रोजच्या सवयीनं खालून आधार देऊन धरला आणि बोटं एकेक करून पाहिली. एक नख तिरकं, एकाला टवका, अंगठ्याच्या कडेला सुकलेला रक्ताचा ठिपका.

"कुणी कापली ही?"

"मीच. डाव्या हातानं."

"दिसतंय ते! खिशातली कानस काढा."

खिडकीतून ऊन येत होतं. ती मान खाली घालून एकेक नख घासत होती, अगदी हलक्या हातानं, आणि मास्तर श्वाससुद्धा जपून घेत होते. जिन्यात दोनच्या वर्गाच्या मुली आल्या, दारात क्षणभर थबकल्या, आणि एकमेकींकडे बघून बाहेर पायऱ्यांवरच गिटार काढून बसल्या.

"घरी बाबा विचारतात तुमच्याबद्दल," अनामिकेपाशी येऊन ती म्हणाली. "मी काय सांगू?"

"सांगा की मास्तर नवशिके आहेत," ते म्हणाले. "पण रोज सराव करतात."

ती हसली. काम संपलं होतं, तरी तिनं हात सोडला नाही. सकाळपासून तिनं नऊ जणांचे हात असेच हातात घेतले होते, वळवले होते, आणि परत ज्याच्या त्याच्याकडे दिले होते. हा दहावा. त्याची पाचही बोडकी बोटं हळूच मिटली आणि त्यांनी तिचा हात धरला.